द्राक्षांना नेसवलेला पेपर

आमच्या घरी पेपर दोनदा वाचला जातो. एकदा सकाळी चहाबरोबर, आणि दुसऱ्यांदा पुढच्या थंडीत, बागेत, द्राक्षाच्या घडावर. पहिल्या वेळी बातमी ताजी असते आणि वाचणारा अर्धवट झोपेत असतो. दुसऱ्या वेळी बातमी शिळी झालेली असते, पण वाचणारा शहाणा झालेला असतो, कारण पुढे काय झालं ते त्याला ठाऊक असतं. 'रस्त्याचे काम महिनाभरात पूर्ण होणार' अशी बातमी ज्या घडावर दिसते, त्या घडापाशी कुणी ना कुणी थांबून पोटभर हसतं आणि मग त्याच रस्त्याच्या खड्ड्यांतून हाडं खिळखिळी करत घरी जातं.

ज्यांनी द्राक्षाची बाग फक्त फोटोत पाहिली आहे, त्यांच्यासाठी सांगते. जुन्नर तालुक्यात आमची बाग आहे. डिसेंबरात मण्यांत पाणी उतरायला लागतं, म्हणजे मणी मऊ पडून गोड व्हायला लागतो. नेमका तेव्हाच थंडीचा कडाका. दिवसा चटका देणारं ऊन आणि रात्री गारठा, या ओढाताणीत हिरवा मणी गुलाबी पडतो. नव्या नवरीला गुलाबी गाल शोभतात, परदेशी जाणाऱ्या हिरव्या द्राक्षाला शोभत नाहीत. व्यापारी असा घड बघतो आणि काही न बोलता पुढे चालू लागतो. म्हणून प्रत्येक घडाला पेपर लावायचा. पेपरचं अर्धं पान फाडून घ्यायचं, घडाभोवती सैलसर गुंडाळायचं आणि वर स्टेपलरने टाचायचं. असे किती घड, ते विचारू नका. पेपर लावून झाला की सगळी बाग मांडवाखाली पेपर नेसून उभी असते. वारा सुटला की एवढी सळसळ होते, की सगळं गाव एकदम पेपर चाळतंय असं वाटावं.

माझं माहेर मंचरचं. हायवेच्या हॉर्नमध्ये आणि कांद्याच्या ट्रकांत वाढलेली मुलगी मी. लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या माणसांची रद्दीवरची माया बघून मला वाटलं, यांच्यात काहीतरी बिघडलंय. चिवड्याचा पुडा सोडला तरी कागद सरळ करून ठेवायचा. पाहुण्यांनी मिठाई आणली की पाहुण्यांकडे नंतर बघायचं, आधी ती कशात बांधून आणली ते बघायचं. आता मीही तशीच झाले आहे. लग्नाला गेले की माझं लक्ष नवरीच्या दागिन्यांवर नसतं, जेवणाच्या टेबलांवर अंथरलेल्या कागदाच्या रोलवर असतं.

मध्यंतरी शाळेत पर्यावरणाचा कार्यक्रम होता. बाहेरून आलेल्या पाहुण्यांनी कागदाचा पुनर्वापर कसा करावा यावर लांबलचक भाषण केलं. त्यांच्या मागे 'कागद वाचवा' असं लिहिलेला भलामोठा प्लॅस्टिकचा फ्लेक्स लावला होता. मला राग आला, आणि मला राग आला की मी गप्प बसत नाही. मी उठून म्हणाले, "साहेब, आमच्या घरी कागद वाचवत नाहीत, राबवतात. आधी तो वाचतो, मग कपाटात अंथरतो, मग घडाला लावतो. घड काढल्यावर पिना उपसून त्यातला अर्धा गांडूळखताच्या खड्ड्यात जातो आणि बरा असेल तो रद्दीवाल्याकडून गिरणीत. गिरणीत त्याचा लगदा होतो आणि पुठ्ठा होऊन आमच्याच द्राक्षाच्या पेट्या बनून तो परत येतो. घडाभोवती असलेला कागद घडाखाली येतो, एवढाच काय तो फरक. या फ्लेक्सचं पुढं काय होणार, ते तेवढं सांगा." पाहुणे हसले. मुख्याध्यापक हसले नाहीत. पण कार्यक्रम संपल्यावर फ्लेक्स आमच्या नवऱ्यानेच मागून आणला आणि गोठ्याच्या गळक्या छपरावर टाकला. 'कागद वाचवा' हे शब्द आता आकाशाकडे तोंड करून आहेत.

तर, रद्दी. अलीकडे मोठी पंचाईत झाली आहे. लोक पेपर मोबाईलवर वाचतात. वाचोत बापडे, पण मोबाईल काही घडाला गुंडाळता येत नाही. पूर्वी रद्दी दारात चालत यायची, आता तिच्यासाठी दारोदार हिंडावं लागतं. गेल्या थंडीत नवऱ्याने जिवाचं रान केलं. नारायणगाव झालं, मंचर झालं. मंचरला माझ्या माहेरच्या मागच्या बोळात एक रद्दीवाला आहे. तो यांना बघून म्हणाला, "पावणं, तुमी आमचे जावई, खरंय. पण रद्दी आता जावयालाबी मिळत न्हाई. समदा माल बागाईतदारांनी दिवाळीतच उचलला." तरी हे गाडीच्या डिकीत भरून जे मिळालं ते घेऊन आले. त्यात निम्म्या गुळगुळीत रंगीत पुरवण्या निघाल्या. त्यांचा कागद वारा खेळू देत नाही आणि दवात घडाला चिकटून बसतो. नट्यांचे एवढे सुंदर फोटो बागेच्या कामाचे नाहीत, याचं दुःख फक्त यांनाच झालं.

पेपर लावायला बायकांची टोळी येते. टोळीची मुकादम म्हणजे पलीकडच्या वस्तीवरच्या काकू. त्या आणि माझ्या सासूबाई जुन्या मैत्रिणी. दोघींनी मिळून एक नियम केला आहे. देवाचा, बुद्धाचा आणि कोणत्याही महापुरुषाचा फोटो घडाला लावायचा नाही. वर फवारणी होते, खाली चिखल असतो, ते बरं दिसत नाही. त्यामुळे गठ्ठा फोडला की आधी काकू आणि सासूबाई समोरासमोर बसून फोटो वेगळे काढतात. एक गणपती इकडे, एक बुद्ध तिकडे, मग जयंती विशेषांक. या सगळ्यांची एक गोणी भरली आहे आणि ती पंपाच्या खोलीत खुंटीला टांगलेली आहे. तिचं पुढे काय करायचं हे कुणालाच माहीत नाही. नदीत सोडायचं नाही, जाळायचं नाही, विकायचं नाही. मोटर चालू करायला गेलं की आम्ही सगळे त्या गोणीला नमस्कार करतो.

पुढाऱ्यांच्या फोटोला मात्र कसलाही नियम नाही. ते कुठेही लागतात.

आता मुख्य गोष्ट. माझ्या सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचं माहेर लोणीचं, आंबेगावच्या पूर्वेकडचं. अख्ख्या माहेरात आणि पुढे सासरातही त्यांची ओळख एकच, भित्री. तिसरीतून त्यांची शाळा सुटली ती त्यामुळेच. शाळेच्या वाटेत ओढा होता, ओढ्याला झाडी होती, आणि तिथे त्या रडत उभ्या राहायच्या, पाऊल टाकायच्या नाहीत, असं त्यांचे थोरले भाऊ सांगत. हे थोरले भाऊ म्हणजे आमच्या यांचे मामा. पोरगी रोज रडते म्हटल्यावर वडिलांनी दप्तर काढून घेतलं आणि शेळ्या दिल्या. मामा ही गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात सांगायचे. सगळे हसायचे आणि आत्याही पदराआड हसायच्या. घरीही तेच. संध्याकाळी गोठ्यात जायचं झालं की त्या मला हाक मारणार. "अगं, जरा चल माज्यासंगं." मी कामाच्या गडबडीत असले की खेकसायची, "आत्या, गोठा आपलाच आहे, म्हशीही आपल्याच आहेत." तरी त्या दारात थांबून राहायच्या.

दिवाळी झाली आणि एके दिवशी मी मंचरला गेले होते. दिवस कलला होता. हाक मारायला घरात कुणी नव्हतं आणि शेळीचं करडू ओरडत होतं, म्हणून आत्या एकट्याच घमेल्यात चारा घेऊन गोठ्यात गेल्या. आत बिबट्या. आमच्याकडे उसात बिबटे असतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण म्हणून कुणी तो गोठ्यात बघायला तयार नसतो. आत्यांना आधी वाटलं, शेजाऱ्यांचा कुत्रा आहे. त्यांनी त्याला "हाड!" म्हटलं. त्याने वळून बघितलं तेव्हा कळलं, हा कुत्रा नाही. करडू त्याच्या पायाशी होतं. मग आत्यांनी घमेलं रिकामं केलं, तिथलाच विळा उचलला आणि विळ्याच्या मुठीने घमेलं बडवायला सुरुवात केली. पळाल्या नाहीत. बडवत बडवत पुढे गेल्या. शेवटी बिबट्यानेच भिंतीवरून उडी टाकली. करडू वाचलं. मी आले तेव्हा अंगणात गर्दी होती, आणि आत्या सगळ्यांना चहा कुणी टाकायचा या काळजीत होत्या.

दोन दिवसांनी बातमीदार आला. तरुण पोरगा होता. आत्यांना घमेल्यासकट उभं करून त्याने फोटो काढला. आत्यांनी त्याला थांबवलं, आत जाऊन चांगलं लुगडं नेसून आल्या आणि पुन्हा काढायला लावला. बातमी आली तालुक्याच्या पानावर. आत्यांचा फोटो काडेपेटीएवढा आणि शेजारी बिबट्याचा पोस्टकार्डाएवढा. तोही भलत्याच बिबट्याचा, खाली 'संग्रहित छायाचित्र' असं लिहिलेलं. आत्या म्हणाल्या, "ह्यो तो न्हवंच. तो लई हडकुळा व्हता." बातमीत त्यांना 'आजी' म्हटलं होतं, त्याचाही त्यांना राग आला. पण तो पेपर त्यांनी टीव्हीच्या खालच्या कप्प्यात, भरतकाम केलेल्या रुमालाखाली ठेवला. कुणीही घरात आलं की पाण्याच्या तांब्याआधी तो पेपर बाहेर यायचा. मीटर बघायला आलेल्या माणसानेही तो वाचला.

एकच माणूस मानेना. मामा. यांनी त्यांना व्हिडिओ कॉल केला आणि मोबाईलमधली बातमी दाखवली. मामा म्हणाले, "मोबाईलमधी काय बी करत्यात राव. आमच्या हितल्या एका पोरानं सरपंचाला चांदोबावर बसवलाय. ही आन् बिबट्या? ही बेडकाला भ्यायची." आत्या मागून ओरडल्या, "पेपरात आलंया दादा, कागदाच्या पेपरात!" मामा म्हणाले, "मंग ठेव जपून. लेण्याद्रीला संकष्टीला येणारच हाये. डोळ्यांनी बघीन, तवा मानीन."

त्या दिवसापासून आत्या संकष्टीची वाट बघू लागल्या. त्यांना बक्षीस नको होतं, हारतुरे नको होते. भावाने तो कागद हातात धरून वाचावा आणि पुन्हा कधी चारचौघांत ती ओढ्याची गोष्ट सांगू नये, एवढंच हवं होतं. त्या हे मला बोलून दाखवत, तेही गोठ्याकडे जाताना, कारण बिबट्या पळवल्यावरही मला हाक मारायची सवय काही सुटली नव्हती.

आणि पेपर लावायच्या दिवसांत आमचे हे, रद्दीने पछाडलेले, टीव्हीच्या कप्प्यापर्यंत पोहोचले.

माझ्या लक्षात आलं तेव्हा रुमाल होता, रुमालाखाली काही नव्हतं. मी यांना विचारलं, "इथला पेपर?" हे म्हणाले, "जुनाच होता की. सकाळी गठ्ठ्यात घातला." मग माझं तोंड बघून त्यांना कळलं. एवढा उंचापुरा माणूस, खुर्चीत बसला तो उठेना. मी त्यांना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. घरची कॅलेंडरं सोडली नव्हती, मुलीची जुनी वही सोडली नव्हती, तेव्हाच मी सांगितलं होतं की एक दिवस हा माणूस मलाच घडाला गुंडाळेल.

आत्या मात्र ओरडल्या नाहीत. त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या आणि चष्मा घेऊन बागेत गेल्या. ते "बरं" यांना माझ्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसरी प्रत मिळेल म्हणून हे पेपरवाल्याकडे पळाले. त्याच्याकडे उरलेले अंक होते, पण ते त्याने कधीच विकले होते. कुणाला? अर्थात, बागाईतदारांना. म्हणजे त्या दिवशीचा पेपर गावात होता, भरपूर होता, पण सगळा घडांवर होता. हे मोबाईलवरच्या बातमीची छापील प्रत काढून घेऊन आले. आत्यांनी ती बोटांनी चाचपली आणि परत केली. "ही झेरॉक्स हाये. दादा म्हणंल, ही पण पोरांनी केली."

मग सुरू झाला शोध. लावलेला पेपर काढायचा नाही, कारण काढला की पुन्हा लावताना मणी गळतात. त्यामुळे जे बाहेरून दिसेल तेवढंच वाचायचं. आत्या आणि मी रोज दुपारी ओळीत शिरायचो, वाकून, मान वर करून, चष्मा सावरत. मी भराभर डोळे फिरवत पुढे जायची. आत्यांचं वाचन तिसरीचं, अक्षराला अक्षर लावत जाणारं. एकेका घडापाशी त्या थांबून राहायच्या. "पा-णी-पु-र-व-ठा," असं त्यांनी म्हणावं आणि मी ओरडावं, "आत्या, बिबट्या शोधा, पाणीपुरवठा नको." त्या म्हणायच्या, "आगं, वाचायला लागलं की सोडवत न्हाई." कुणाच्या तरी वाढदिवसाच्या जाहिराती वाचल्या, कांद्याचे भाव वाचले, पुण्यातल्या कुणा डॉक्टरांनी केस गळण्यावर सांगितलेले उपाय वाचले. एका घडावर शब्दकोडं होतं, ते आम्ही काकूंच्या मदतीने निम्मं सोडवलं. शेजाऱ्यांच्या बागेतही आम्ही शिरलो. शेजारी म्हणाले, "काय वहिनी, आमच्यात काय नवीन बातमी?"

एका दुपारी काकू ओरडल्या, "घावला!" आम्ही धावलो. घडावर बिबट्या होता. पोस्टकार्डाएवढा, रुबाबदार, संग्रहित. पण पान बरोबर मधोमध फाडलेलं होतं. आत्यांचा अर्धा भाग दुसऱ्याच कुठल्यातरी घडाला गेला होता. आत्या बिबट्याकडे बघत म्हणाल्या, "मेल्या, हितंबी तूच पुढं का?"

संकष्टी उद्यावर आली. आत्या त्या दिवशी बागेत आल्या नाहीत. तांदूळ निवडत बसल्या. मला म्हणाल्या, "जाऊ दे. त्यो हसंल तर हसू दे. सवय हाये." एवढं बोलून त्या खाली मान घालून खडे शोधत राहिल्या, आणि मला यांचा नव्याने राग आला. मी तणतणत बाहेर आले, तेवढ्यात बागेतून बोंब उठली. अशी बोंब, की वस्तीवरची माणसं काठ्या घेऊन धावली. सगळ्यांना वाटलं, परत बिबट्या आला. बघतो तर हे पाण्याच्या चारीच्या कडेला, शेवटच्या ओळीत, गुडघ्यावर बसलेले, आणि एका घडाकडे बोट दाखवत नुसतेच "आई, आई" करत होते. नंतर कळलं, रोज पहाटे पाणी बघायला जातो असं सांगून हे एकटेच शोधत होते.

आत्याच होत्या. पेपरच्या घडीतून अर्ध्या डोकावत होत्या, घमेल्यासकट. यांनी पिन काढून कागद सोडवायला घेतला, पण रोजचं दव आणि रोजचं ऊन खाऊन तो पापडासारखा झाला होता. कोपऱ्याला नुसता हात लावला तर तो कोपरा हातात आला. आत्या म्हणाल्या, "राहू दे. मोडंल. तो हितं येईल." मग आम्ही तो कागद काढला नाही, एका बाजूने हळूच उघडून फोटो आणि बातमी समोर येतील असा टाचला. काठ्या घेऊन आलेल्या सगळ्यांना चहा द्यावा लागला.

मामा आले ते दुसऱ्या दिवशी दुपारी. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून-उतरून त्यांचे गुडघे बोलत होते. उपासाची खिचडी खाल्ली, चहा घेतला आणि मग म्हणाले, "हां बाई, काढ तुजा पेपर." आत्या म्हणाल्या, "काढता येत न्हाई. चल." आणि पुढे झाल्या. मामा आमच्याकडे बघायला लागले. यांनी मान खाली घातली. सगळे ओळीने बागेत गेलो, कागद परत टाचायला मी स्टेपलर घेतला. मामांची टोपी मांडवाच्या तारेला अडकली, ती मी काढून त्यांच्या हातात दिली. टोपी हातात घेऊन, डोकं वाकवून, मामा त्या घडासमोर उभे राहिले. देवळातून आलेला माणूस पुन्हा देवळात उभा असल्यासारखे ते दिसत होते. मला हसू आलं, पण आत्यांकडे बघून मी ते गिळलं.

मामांनी चष्मा लावला. फोटो बघितला. मग मोठ्याने वाचायला लागले, शाळेत शिकलेल्या माणसाच्या खणखणीत आवाजात. "'घमेले वाजवून आजीने बिबट्याला पिटाळले.' आरं तिच्या! खरंच की." पुढे वाचलं. "'लहानपणापासूनच निर्भीड असलेल्या या आजींनी...'"

आणि थांबले. ही ओळ आली की आम्ही घरातले दरवेळी हसायचो. बातमीदार काहीही लिहितात म्हणायचो. मामा हसले नाहीत.

"हे कुनी सांगितलं त्याला?"

"मीच," आत्या म्हणाल्या. "त्यानं इचारलं, आजी, तुमी पहिल्यापासनं अशाच का? माज्या तोंडातनं व्हय गेलं. पेपरात खोटं छापून आणलं म्हणून मला लई वाईट वाटतं रे दादा. म्हणून म्हणलं, तू वाच, आन् तूच काय ते बोल."

मामा टोपी या हातातून त्या हातात करत राहिले. वारा आला, सगळ्या बागेत कागद वाजले. मग ते आत्यांकडे न बघता, त्या घडाकडेच बघत बोलले.

"तू रडत न्हवतीस, बाई. कधीच न्हाई रडलीस. तुजा हात धरून वड्यातनं न्यायचं मला जिवावर यायचं. पोरं फुडं पळायची, पवायला जायची, आन् माज्यामागं तू. म्हणून मीच आण्णांना सांगितलं, ही भित्री हाये, ही रडती. आण्णांनी दप्तरच काढून घेतलं. मला वाटलं न्हवतं त्ये काढून घेतील."

 माझ्या डोळ्यांसमोर संध्याकाळी दारात थांबलेल्या आत्या आल्या आणि मी त्यांच्यावर किती वेळा खेकसले होते तेही आलं. मला मामांचा एवढा राग आला की मी तोंड उघडणार होते, पण यांनी माझा हात दाबला.

आत्यांनी पदराने चष्मा पुसला. त्या शांतपणे म्हणाल्या, "तू म्हणलास म्हणून मी भीत आले, दादा. लगीन करून आले तरी भीत आले. सांजंला सुनंला हाक मारती अजून. त्या दिवशी ही मंचरला गेलेली." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बिबट्याला कुनी सांगितलंच न्हवतं, मी भित्री हाये म्हणून."

मामांनी डोळ्यांना टोपी लावली. आत्या म्हणाल्या, "आता रडू नगंस. अजून दोन वळी ऱ्हायल्यात, त्या वाच." मामांनी प्रयत्न केला, पण टोपी डोळ्यांवरून निघेना. तेव्हा आत्याच पुढे झाल्या. त्यांनी मामांना खांद्याला धरून बाजूला केलं, घडावर बोट ठेवलं आणि अक्षराला अक्षर लावत वाचायला सुरुवात केली. त्यांना घाई कर म्हणायची त्या दिवशी कुणाची हिंमत नव्हती, माझीसुद्धा नाही.

"ना-ग-रि-कां-नी स-त-र्क रा-हा-वे. म-हि-लां-नी सा-यं-का-ळी ए-क-ट्या-ने बा-हे-र प-डू न-ये."

वाचून झालं. आत्यांनी ते एकदा मनातल्या मनात पुन्हा वाचलं, ओठ हलताना दिसले. मग त्यांनी माझ्या हातातला स्टेपलर घेतला.

"ह्ये मातर आता मला कुनी सांगायचं न्हाई," त्या म्हणाल्या, आणि कागद परत घडाला टाचून टाकला.